नील टेलर : आई कोलकात्याची, देश वेल्स, जागा डावा बॅक

दांडिया बाजार

नमस्कार मंडळी. कित्येक दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज पोलो ग्राउंडवर घोटाभर पाणी आणि पोराची मॅच रद्द, म्हणून बसलो शेवटी. बडोद्यात राहून क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर धागा काढायला जरा धीर लागतो, हजारे आपले, किरण मोरे आपला, पठाण भाऊ आणि पांड्या भाऊ आपले, त्यात मी लिहिणार फुटबॉलवर आणि फुटबॉलमध्येही डाव्या बॅकवर, डाव्या कडेने बचाव करणाऱ्यावर, म्हणजे गोल मारला की ज्याचं नाव कोणी घेत नाही आणि गोल खाल्ला की सगळे घेतात तो माणूस. पण मला ह्याच माणसाबद्दल लिहायचंय.

आधी कारण सांगतो. आम्ही तीन-चार पिढ्यांचे बडोदेकर मराठी. बायको बंगाली, तिचे वडील सत्तरच्या दशकात कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला आले ते इथलेच झाले. त्यामुळे आमच्या घरात गणपतीला उकडीचे मोदक आणि पावसाळ्यात भरूचहून आणलेली हिलसा हे दोन्ही तितक्याच भक्तिभावाने होतं. पोरगा १४ वर्षांचा, डाव्या पायाचा, लेफ्ट बॅक खेळतो. मागच्या महिन्यात एका ट्रायलला गेलो होतो, कुठली ते सांगत नाही. फॉर्मवर आडनाव मराठी, आणि बाहेरून आजी त्याला बंगाली लाडक्या नावाने हाका मारतेय, तर तिथल्या एका गृहस्थांनी विचारलं हा नक्की कोण, मी सांगितलं, तर ते शेजारच्याला म्हणाले "अच्छा, म्हणजे अर्धा अर्धा आहे". रागाने नाही, सहज म्हणाले. सिलेक्शन झालं नाही ती गोष्ट वेगळी, त्याच्यापेक्षा चांगली पोरं होती. पण स्कूटरवर मागे बसून पोरगा गप्प तो गप्प, एरवी मॅचनंतर ह्याची टकळी थांबत नाही, काला घोड्याच्या सर्कलपर्यंत एक शब्द नाही, आणि मग एवढंच बोलला की बाबा, दादूला नको सांगूस. दादू म्हणजे माझे सासरे, आईचे वडील.

मी दादूंना सांगितलंच. ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचे पक्के चाहते. काही बोलले नाहीत, मोबाईल काढला आणि पोराला जवळ बसवून एक गोल दाखवला. २० जून २०१६, तुलूझ, युरो कप, वेल्स विरुद्ध रशिया. बॉल आतमध्ये सुटलाय, डावीकडून ३ नंबरचा लाल जर्सीवाला धावत आलाय, मारला तर रशियाचा गोलकीपर अकिनफीव्हने अडवला, परत त्याच्याच पायाशी आला, दुसऱ्यांदा मारला तो आत. वेल्सचा दुसरा गोल. दादू म्हणाले, ह्याची आई आमच्या कोलकात्याची.

तो नील टेलर. आई बंगाली, वडील ब्रिटिश. जन्म ७ फेब्रुवारी १९८९, उत्तर वेल्समधलं सेंट असाफ, वाढला जवळच्याच रुथिन गावात. लहानपणी मँचेस्टर सिटीच्या अकादमीत होता, तिथून कोवळ्या वयातच नारळ मिळाला आणि तो रेक्समला आला. आता हॉलिवूडवाल्यांनी विकत घेतल्यापासून रेक्सम सगळ्यांना माहीत झालंय, पण तेव्हाचं रेक्सम म्हणजे पडझड चाललेला क्लब, २००८ ला ते लीगमधूनच घसरून पाचव्या पायरीवर गेले आणि हा १९ वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर खाली गेला. तिथे दोन वर्षं खेळला. छोटी गावं, छोटी मैदानं, धिप्पाड फॉरवर्ड. मला वाटतं डाव्या बॅकचं खरं शिक्षण तिथेच झालं असणार, कारण तिथे नाजूकपणा चालत नाही, पाय घालावाच लागतो.

२०१० ला वेल्समधल्याच स्वान्झी क्लबने घेतला, फी शेवटी लवादाने ठरवून दिली. त्याच वर्षी मे महिन्यात क्रोएशियाविरुद्ध वेल्सकडून पहिली मॅच. पुढच्या वर्षी स्वान्झी प्लेऑफमध्ये, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये चढण्यासाठीच्या बादफेरीत, सेमीफायनलची पहिली मॅच नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर, आणि हा पहिल्याच मिनिटात रेड कार्ड खाऊन बाहेर! पाय वर गेला. म्हणजे अख्खा सीझन ज्या मॅचसाठी मरमर केली त्यात एक मिनिट. बाकीचे १० जण उरलेली सगळी मॅच लढले आणि ०-० राखली, घरी ३-१ जिंकले, मग ३० मे २०११ ला वेम्ब्लीवर रेडिंगला ४-२ हरवून स्वान्झी प्रीमियर लीगमध्ये गेलेला वेल्सचा पहिला क्लब झाला.

मग प्रीमियर लीगचा पहिला सीझन डावीकडून हाच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ग्रेट ब्रिटनच्या टीममध्ये, गिग्ज, बेलामी, रॅमसी, जो अॅलन आणि हा असे वेल्सचे पाच जण. सगळं जुळून आलं असं वाटत असताना १ सप्टेंबर २०१२, सुंदरलँडशी मॅच, घोटा मोडला. जवळजवळ सगळा सीझन गेला. त्याच सीझनमध्ये स्वान्झीने लीग कप जिंकला, फायनलला ब्रॅडफर्डला ५-०, आणि हा बाहेर बसून. त्याच्या जागी एक नवीन पोरगा आला, बेन डेव्हिस, आणि जागा धरूनच बसला.

इथून पुढचं मला सगळ्यात आवडतं. डेव्हिस पुढे टॉटनहॅमला गेला, टेलरने आपली जागा परत मिळवली, आणि २०१६ ला वेल्सच्या टीममध्ये दोघं एकमेकांशेजारी! कोच ख्रिस कोलमनने मागे तीन सेंटर बॅक ठेवले, त्यातला डावीकडचा डेव्हिस, आणि त्याच्या बाहेरून पूर्ण कड सांभाळणारा विंगबॅक टेलर. ज्या पोराने जागा घेतली त्याच्याच खांद्याला खांदा लावून तो युरो खेळला. १९५८ च्या वर्ल्ड कपनंतर वेल्सची ही पहिली मोठी स्पर्धा. इंग्लंडशी हरूनही ग्रुपमध्ये इंग्लंडच्या वर पहिले, नंतर नॉर्दर्न आयर्लंड १-०, मग लीलला बेल्जियमला ३-१, सेमीफायनलला पोर्तुगालशी २-० हरले. बेल्जियमच्या मॅचची पहिली दहा मिनिटं मिळाली तर बघा. वेल्स अजून मागे पडायचं होतं, बेल्जियमने एका दमात तीन शॉट मारले, पहिला गोलकीपरने अडवला, दुसरा मुनिएचा, तो गोललाईनवर टेलरच्या अंगावर आदळला. तिथे गोल बसला असता आणि मग लगेच नाइंगोलानचा दुसरा, तर तो ३-१ कधी झालाच नसता असं माझं ठाम मत आहे.

वेल्सकडून एकूण ४३ मॅच आणि एक गोल. हे आकडे ज्याला कमी वाटतील त्याने डाव्या बॅकचं काम समजून घ्यावं.

पुढचं नंतर लिहितो, लाईट गेली.

पॅव्हेलियन

वा, दांडिया बाजार, फुटबॉलचा धागा बघून खरंच बरं वाटलं. मी युनिव्हर्सिटीत असताना पॅव्हेलियनच्या ग्राउंडवर तीन वर्षं लेफ्ट बॅकच खेळलोय, तेही उजव्या पायाने, कारण डावा पाय टीममध्ये कोणाचाच नव्हता आणि सरांनी मला तिकडे ढकललं. म्हणून सांगतो, डाव्या पायाचा लेफ्ट बॅक म्हणजे सोनं आहे, पोराला सांगा जागा सोडू नकोस. उजव्या पायाचा माणूस तिथे खेळला की प्रत्येक वेळी बॉल आत घेतो, क्रॉस टाकायच्या आधी एक टच जास्त लागतो, तेवढ्यात समोरचा येऊन उभा.

स्वान्झीबद्दल एक गोष्ट जोडतो. ब्रेंडन रॉजर्सची टीम होती ती, बॉल मागूनच खेळत आणायचा, गोलकीपरने लांब लाथ मारायची नाही. असल्या टीममध्ये बॅकचं काम डबल होतं. तुमच्या पायात बॉल आहे, समोरून दोघं अंगावर येताहेत, आणि कडेची पांढरी लाईन म्हणजे तिसरा शत्रू, कारण त्या बाजूला पासच नाही. तिथे डोकं शांत ठेवून बॉल आत द्यायचा हे टीव्हीवर दिसत नाही, मैदानावर उभं राहिल्यावर कळतं. पाचव्या पायरीवरच्या लाथाळीतून आलेला मुलगा वर्षभरात हे शिकला, मला त्याचं हे सगळ्यात मोठं वाटतं, गोलपेक्षाही.

मोतीबाग

लेख आवडला, पण एक मनापासून सांगू का, रागावू नका. आई कोलकात्याची म्हणून तो आपला, हे मला पटत नाही. तो वेल्समध्ये जन्मला, तिथल्या मातीत शिकला, तिथल्या लोकांनी पैसे खर्च करून घडवला. आपण इथून बसून त्याच्या नसांमधलं रक्त मोजायचं आणि टाळ्या वाजवायच्या ह्यात आपलं काय कर्तृत्व? विजय हजारे सांगलीला जन्मले, मराठी ख्रिश्चन, आणि बडोद्याचे झाले ते १९४७ च्या रणजी फायनलला गुल महंमदबरोबर ५७७ ची पार्टनरशिप केली म्हणून, कोणाच्या आजोळामुळे नाही. माणूस जिथे घाम गाळतो तिथला. तुमच्या पोराच्या बाबतीत जे झालं ते वाईट झालं, पण त्याला उत्तर म्हणून आपणही पुन्हा रक्ताचाच हिशेब मांडायचा का?

ग्वाल्हेरची शुभा

खूप छान लिहिलंय दादा. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझी भाची पण अशीच, बाबा मल्याळी, आणि तिला दोन्हीकडच्या लग्नात दुसरीकडची म्हणून ओळख करून देतात, म्हणून वाचत गेले. एक भाबडा प्रश्न, हा टेलर भारताकडून का नाही खेळला? आपली टीम तर सारखी हरते म्हणतात, मग अशी मुलं बोलवत का नाहीत?

दांडिया बाजार

लाईट आली. सगळ्यांचे आभार.

शुभाताई, प्रश्न भाबडा अजिबात नाही, हाच तर खरा प्रश्न आहे. सोपं करून सांगतो. टेलर वेल्सकडून महत्त्वाच्या मॅच खेळून बसला होता, त्यामुळे तो विषय तिथेच संपला, आणि खरं सांगायचं तर युरोची सेमीफायनल खेळू शकणाऱ्या माणसाने दुसरीकडे का बघावं. पण समजा तो वेल्सकडून खेळला नसता तरी अवघडच होतं, कारण आपल्याकडे दोन नागरिकत्वं एकावेळी ठेवता येत नाहीत, आणि २००८ पासून सरकारचं धोरण असं की भारताच्या टीममध्ये भारताचा पासपोर्ट असलेलाच खेळेल. परदेशी भारतीयांना जे ओसीआय कार्ड मिळतं त्यावर इथे घर घेता येतं, राहता येतं, राष्ट्रीय टीममध्ये खेळता येत नाही. म्हणजे आईच्या देशाकडून खेळायचं तर जन्मलेल्या देशाचा पासपोर्ट टाकून द्यायचा.

तरीही दोघांनी ते केलंय. पहिला अराता इझुमी, आई जपानी आणि वडील गुजराती, हो, आपल्या गुजरातचे! महिंद्रा युनायटेडकडून आणि पुण्याच्या क्लबकडून खेळायचा, मिडफिल्डर. जपानचं नागरिकत्व सोडून २०१२ ला भारतीय झाला, नीलकंठ खंबोलजा नाव घेतलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. दुसरा अगदी आत्ताचा, रायन विल्यम्स, ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेला, आई मुंबईची अँग्लो इंडियन, बंगळुरूकडून खेळतो, ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण मॅच खेळून झाली होती तरी २०२५ मध्ये त्याने भारताचा पासपोर्ट घेतला. ह्या दोघांबद्दल मला फार आदर आहे. पण प्रत्येकाने एवढं तोडून यावं अशी अपेक्षा मी करणार नाही.

आणि शेजारी बघा. हमझा चौधरी, आई बांगलादेशी, वडील ग्रेनेडाचे, इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या लफबरोमध्ये वाढला, लेस्टरबरोबर २०२१ चा एफए कप जिंकला. बांगलादेशने त्याला पासपोर्ट दिला, इंग्लंडचा काढून घेतला नाही. २५ मार्च २०२५ ला तो शिलाँगला आपल्याविरुद्धच पहिली मॅच खेळला, ०-० झाली. नोव्हेंबरला ढाक्यात त्यांनी आपल्याला १-० हरवलं. त्या मॅचनंतर दादू दोन दिवस जेवणाच्या टेबलावर बोलले नाहीत, त्यांचं मूळ गाव तिकडचं, आणि मॅच आपण हरलेली. आता कोणी म्हणेल त्यांना कोणती बाजू लागली असेल, तर सांगतो, हरल्याचंच लागलं. पण हमझाने बॉल अडवला की त्यांचा हात मांडीवर पडायचा हेही मी बघितलंय.

मोतीबाग, रागावण्याचा प्रश्नच नाही, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. टेलर आपला आहे असं मी म्हणत नाही. तो वेल्सचा आहे, पुरता वेल्सचा. मला एवढंच दिसतं की तो पुरता वेल्सचा असून त्याची आई पुरती कोलकात्याचीच राहिली आणि ब्रिटनमधली आशियाई मुलं फुटबॉलमध्ये का येत नाहीत ह्याबद्दल तो उघड बोलत राहिला. त्याच्या नावावरून कोणाला काही कळलं नसतं. टेलर आडनाव, गप्प बसला असता तर चाललं असतं. तो बसला नाही.

राजवाडा इंदूर

धागा वाचतोय. माफ करा पण एक गोष्ट कोणीच बोलली नाही म्हणून मला बोलावं लागतंय. मी एव्हर्टन ह्या इंग्लिश क्लबचा फॅन, आयर्लंडचा सिमस कोलमन आमचा अनेक वर्षांचा कॅप्टन (वेल्सचा कोच कोलमन तो वेगळा). २४ मार्च २०१७, डब्लिन, आयर्लंड विरुद्ध वेल्स. तुमच्या ह्या टेलरने केलेल्या टॅकलमध्ये कोलमनच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. त्या रात्री मी इथे इंदूरला लाईव्ह बघत होतो, सगळे प्लेअर तोंड फिरवून उभे होते, टीव्हीवाल्यांनी रिप्ले दाखवायचं बंद केलं. रेड कार्ड मिळालं, फिफाने दोन मॅचची बंदी घातली, बस. कोलमन पुढच्या जानेवारीपर्यंत खेळला नाही. मला वाटतं पोराला आदर्श दाखवायचाच तर हे पण दाखवावं लागेल.

सूरसागर

इंदूरकरांशी सहमत. चांगलं तेवढंच सांगू नये.

दांडिया बाजार

राजवाडा, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. मी ते टाळलं नव्हतं, पुढच्या भागासाठी ठेवलं होतं, पण तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे, आता इथेच लिहितो.

तो टॅकल वाईटच होता. उशिरा आला, पाय वर होता, बॉल आधीच गेलेला. त्याला मी चूक म्हणणार, नशीब म्हणणार नाही. २०११ चं ते पहिल्या मिनिटातलं रेड कार्ड आणि हे, दोन्हीत एकच दोष दिसतो मला, अंगात जोर चढला की पाय थांबत नाही. बॅकच्या अंगात हा दोष असतो, थोडा असावाच लागतो, आणि जास्त झाला की दुसऱ्याचं आयुष्य मोडतो. माझ्या मनात राहून गेलेली गोष्ट वेगळी आहे. स्वतःचा घोटा मोडून जो माणूस जवळजवळ अख्खा सीझन कुबड्या आणि फिजिओच्या टेबलावर काढून आलाय, त्याला त्या क्षणी जमिनीवर पडलेल्या माणसाचं काय झालंय हे मैदानावरच्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कळलं असणार. ते घेऊन तो पुढे पाच वर्षं खेळला.

पोराला मी ते दाखवलं नाही, रिप्ले तर नाहीच, पण सांगितलंय सगळं. त्याने विचारलं, मग त्याने खेळणं सोडलं नाही? मी म्हटलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत तो स्वान्झी सोडून अॅस्टन व्हिलाला आला होता, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. तिथे प्लेऑफ, आणि २७ मे २०१९ ला वेम्ब्लीवर डार्बीला २-१ हरवून व्हिला वर आला, डावीकडे हाच उभा. आठ वर्षांत दोन वेगवेगळ्या क्लबबरोबर तो प्लेऑफमधून प्रीमियर लीगमध्ये चढला. मग नवीन डावा बॅक आला, मॅट टार्गेट, आणि हा हळूहळू बेंचवर. २०२१ ला व्हिलाने सोडला, काही महिने क्लबच नाही, नोव्हेंबरात मिडल्सब्रोने घेतला, २०२२ ला ३३ व्या वर्षी थांबला. त्याच वर्षाच्या शेवटी वेल्स ६४ वर्षांनी वर्ल्ड कप खेळलं, तो टीममध्ये नव्हता.

राजवाडा इंदूर

धन्यवाद. तुम्ही झाकलं नाहीत, आपल्याला एवढंच पाहिजे होतं. कोलमन परत आला, खेळला, ते पण मुलाला सांगा.

पॅव्हेलियन

टॅकलवरून पोराला एक सांगा दांडिया बाजार, जमिनीवर सरपटत जायचा टॅकल शेवटचा उपाय. आमचे सर म्हणायचे, बॅकचे कपडे मॅचनंतर जितके स्वच्छ तितका तो चांगला खेळला. जोपर्यंत तुम्ही पायांवर उभे आहात तोपर्यंत समोरच्याला विचार करावा लागतो. एकदा पडलात की त्याचा विचार संपला. पावसाळ्यात तर आणखी जपा, पोलो ग्राउंडच्या चिखलात सुरू केलेला टॅकल कुठे थांबेल सांगता येत नाही, माझ्या नडगीवर अजून खूण आहे.

अलकापुरी

डॅनी बाथ विसरलात का? वडील पंजाबी, आई इंग्लिश, सेंटर बॅक, उंच माणूस. इंग्लंडच्या वुल्व्ह्स क्लबमध्ये लहानपणापासून, आणि पुढे त्याच वुल्व्ह्सचा कॅप्टन. २०१३-१४ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये १०३ पॉईंट करून चॅम्पियन, २०१७-१८ ला दुसऱ्या डिव्हिजनचे चॅम्पियन, आणि आता प्रीमियर लीग म्हणताना त्याला लोनवर मिडल्सब्रोला धाडला आणि मग स्टोकने घेतला. ज्या क्लबला दोन पायऱ्या चढवल्या त्याच्याबरोबर वरच्या पायरीवर उभं राहायला मिळालं नाही. नंतर सुंदरलँडला जाऊन २०२२ ला त्यांना पण वर काढलं. टेलरपेक्षा मला हा जास्त जवळचा वाटतो, कारण नावातच बाथ आहे, लपवायला जागाच नाही, आणि इंग्लिश क्लबांच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याच्यासारखे दुसरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच्यावर पण लिहा ना.

दांडिया बाजार

अलकापुरी, बाथवर वेगळा धागा तुम्हीच काढा, मी येतो तिथे. खरंच काढा.

कोयलीची मुलगी

मी धागाकर्त्याची बायको. वाचनमात्र होते, आज खातं उघडलं. माझं मराठी सासूबाईंकडून आणि रावपुऱ्यातल्या भाजीवाल्यांकडून शिकलेलं आहे, चुका सांभाळून घ्या.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, त्या दिवशी ट्रायलला बाहेर माझी आई होती, ती सांगते तो सद्गृहस्थ वाईट नव्हता, त्याने नंतर पोराला पाणी पण दिलं. मला त्या माणसाचा राग नाही, त्या शब्दाचा आहे. हा शब्द मी लग्नाच्या वेळी दोन्हीकडून ऐकला. माझी मावशी म्हणाली मुलं अर्धी बंगाली होतील. इकडे एक काकू म्हणाल्या अर्धी मराठी तरी होतील ना. मी तेव्हा २६ वर्षांची, हसून सोडून दिलं. आता पोरगा सकाळी देवघरात आजीबरोबर अथर्वशीर्ष म्हणतो आणि रात्री माझ्या आईला फोनवर बंगालीत उलट बोलतो, त्यात मला कुठे अर्धं दिसत नाही. मला तर दोन दिसतात, आणि दोघांचे कपडे मीच धुते.

दुसरी गोष्ट, तुम्ही सगळे टेलरच्या करिअरबद्दल लिहिता आहात, छान आहे. मी त्याच्या आईचा विचार करते. कोलकात्याहून उत्तर वेल्सच्या लहानशा गावात आलेली बाई, तिथला पाऊस, थंडी, आणि मुलगा मैदानावर. घोटा मोडला तेव्हा ती टीव्हीसमोर होती की स्टेडियममध्ये मला माहीत नाही. पण आमच्याकडे पोराला साधं खरचटलं तरी माझी आई कोयलीहून बोरोलीन घेऊन निघते, तर तिथे कोणी बोरोलीन घेऊन निघालं असेल का, असं मनात येतं. बस एवढंच.

ग्वाल्हेरची शुभा

वहिनी, "दोन दिसतात" हे मी माझ्या बहिणीला आत्ताच पाठवलं. ती रडली. तुमचं मराठी आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीपेक्षा शुद्ध आहे हो.

मोतीबाग

ताई, मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण रक्ताचा हिशेब हा शब्द तुमच्या घरासाठी नव्हता, तसा लागला असेल तर क्षमा करा. माझा नातू त्याच वयाचा आहे, विंगर खेळतो, उजवीकडून. रविवारी पोलो ग्राउंडवर असतो. पाणी ओसरलं की दोघांना समोरासमोर उभं करू या का?

कोयलीची मुलगी

लागला नाही काका. जरूर या.

दांडिया बाजार

आज रविवार, अपडेट देतो. पाणी ओसरलं, गोलच्या तोंडाशी चिखल होता पण कडा कोरड्या होत्या, सकाळी ७ ला सुरू केलं. मोतीबागकाका आणि नातू आले होते. नातू भलताच वेगवान निघाला. दहाव्या मिनिटाला त्याने बाहेर जायचं दाखवलं आणि आत कापला, आमचे चिरंजीव त्या चिखलात सपशेल पडले आणि तो गेला गोल मारून. मला वाटलं आता ह्याचं तोंड पडणार. पण उठला, हात पुसले, आणि पॅव्हेलियनसाहेब, तुमचं वाक्य कडेवरून त्याची आई ओरडली, पायावर उभा राहा म्हणून, बंगालीत. त्यानंतर पूर्ण मॅच तो पडला नाही. नातवाला आत जाऊच दिलं नाही, लाईनकडे ढकलत ढकलत नेलं, दोनदा बॉल बाहेर घालवला, एकदा पायातून काढून घेतला. १-१ झाली. कपडे मात्र त्या पहिल्या पडण्याचेच इतके भरले होते की तुमच्या सरांच्या नियमात नापास.

दादू पण आले होते, छत्री टेकून उभे. मॅच संपल्यावर काकांच्या नातवाला जवळ बोलावून किती वर्षांपासून खेळतोस विचारलं, आणि काकांना म्हणाले तुमच्या पोराचा उजवा खांदा आधी वळतो, तिथूनच कळतं तो आत येणार. काका म्हणाले हे आधी सांगितलं असतं तर. मग सगळे मिळून शेवउसळ खायला गेलो.

परत येताना स्कूटरवर मागून एकसारखं चालू, बाबा त्याचा खांदा मला तिसऱ्या वेळेला कळला, बाबा बेल्जियमवाला ब्लॉक टेलरने उभा राहून केला ना, बाबा पुढच्या रविवारी तो डावीकडून आला तर काय करू. काला घोड्याला सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले, तरी ह्याचं चालूच होतं.